दोन कोअर का तीन कोअर

अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत येडगावला घरी आले आणि जाहीर केलं, की मला कॉम्प्युटर हवाय, आणि तोही सुटे भाग घेऊन जोडलेला.

"सुटे का? आख्खा मिळत न्हाई का?" अण्णांनी, म्हणजे वडिलांनी विचारलं.

"सुट्यात आपल्याला हवं ते घालता येतं."

"भेळीसारखं," अण्णा म्हणाले. त्यांना पटलं.

घोळ झाला तो काकांमुळे. त्यांचं आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन, असं मीच त्यांच्यासमोर बोलून बसले. झालं! इंजिन घ्यायचं आणि ते आपल्याला न विचारता, हे त्यांना सहन होईना. हातातला चहा तसाच ठेवून ते चपला शोधायला लागले.

आम्ही तिघं जुन्नरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे भाई म्हणत. त्याने काचेवर दोन खोकी ठेवली. "हा टीव्हीवर जाहिरात येते त्या कंपनीचा, दोन कोअरवाला. हा दुसऱ्या कंपनीचा, तीन कोअरवाला. कोअर म्हणजे आत काम करणारे गडी समजा. यात दोन, पण चपळ. यात तीन, जरा निवांत."

"दोनवाला घ्या," अण्णा म्हणाले. "तीन तिघाडा, काम बिघाडा."

"आन् दादा, तुमच्या ट्रॅक्टरला सिलिंडर किती हायेत?" काकांनी विचारलं.

ट्रॅक्टरला तीनच होते.

मग काका भाईकडे वळले. "गरम झाल्यावर काय करतो ह्यो?"

"वर पंखा असतो."

"पाणी न्हाई?"

"नाही."

काकांचा चेहरा पडला. "पाण्याबिगर इंजिन कसं टिकायचं राव?"

"मोटारसायकलला कुठं पाणी असतंय?" अण्णांनी ट्रॅक्टरचा वचपा काढला.

आता तरी मला विचारतील, म्हणून हॉस्टेलवर मैत्रिणींकडून ऐकलेलं सगळं मी बोलायला सुरुवात केली. ते कोणीच ऐकत नव्हतं, कारण तेवढ्यात भाई आवाज खाली आणून म्हणाला, "या तीनवाल्यात एक गंमत आहे. आत मुळात चार असतात. कंपनी एक बंद करून विकते. नशीब असलं तर तो चालू होतो."

अण्णा पुढे सरकले. "म्हंजे चौथा आतच हाये?"

"आहे."

"झोपलेला?"

"तसंच समजा."

"आन् फुकट?"

"फुकट."

"मग ह्योच बांधा," अण्णा म्हणाले. तिघाड्याचा चौघाडा होत असेल तर त्यांची काही हरकत नव्हती.

भाईने दुकानातच सगळं जोडलं आणि चौथ्याला उठवलं. पडद्यावर चार आकडा दिसला. काकांनी मला पेढे आणायला पिटाळलं.

घरी मात्र नाटक सुरू झालं. गाणं लावलं, की मध्येच पडदा गोठायचा आणि नाचणारी बाई एक पाय वर करून तशीच थांबायची. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ट्रकचा कुठला सिलिंडर नीट पेटत नाही, हे ते असंच ऐकत.

"चौथा मिस मारतोय," ते म्हणाले.

मी रागारागाने भाईला फोन केला. तो म्हणाला, "चौथा कच्चा निघाला असेल, ताई. झोपवून टाका त्याला."

काकांचं बरोबर निघालं याचाच मला जास्त संताप आला. मी सेटिंग उघडून बसले. अण्णा पाठीमागे उभे.

"त्याला व्हतंय तरी काय?"

"हिशेब चुकवतो, अण्णा. मग बाकीचे अडकून पडतात."

"सांभाळून घ्यायचं गं. आपल्यात न्हाईत का असले?" असं म्हणून त्यांनी काकांकडे पाहिलं.

मी चौथ्याला बंद केलं. त्यानंतर कॉम्प्युटर गुमान चालला. अभ्यास माझा, पत्त्यांचा डाव काकांचा.

अण्णा मात्र पाव्हणेरावळे आले, की त्यांना कॉम्प्युटरपाशी नेऊन सांगत, "चौघं हायेत आत. एक आजारी असतो."

एका पाव्हण्यांनी काळजीने विचारलं, "जुन्नरला दाखवलं का?"

"दाखवलं की," अण्णा म्हणाले. "आराम सांगितलाय."