मनकर्णाबाईंच्या हातचं औषध

पौर्णिमा दर्यापूर–अमरावती गाडीवर कंडक्टर होती. आवाज खणखणीत, कामाला उरक मोठा. त्या हिवाळ्यात ती डोक्याला रुमाल बांधायला लागली. धूळ लागते, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तिच्या कानामागचे केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली होती आणि पाठोपाठ टाळूवर दुसरी. नवऱ्यालाही तिनं कळू दिलं नव्हतं.

एकदा न्हाऊन केस पुसताना सासूनं, मनकर्णाबाईंनी पाहिलं.

"हे काय वं? काहून लपवून राहिली?"

पौर्णिमाला रडूच फुटलं. "लोक काय म्हणतीन, आत्याबाई?"

"लोकाईचं सोड. मी येतो तुह्यासंग डाक्टरकडे."

शेजारणीच्या सांगण्यावरून आधी कांद्याचा रस लावून झाला. प्रवासी नाकाला पदर लावायला लागले, तेव्हा दोघी अमरावतीला राजापेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर प्राजक्ता शांतपणे म्हणाल्या, "याची कुणाला लागण होत नाही, आणि यात तुमची चूकही नाही. शरीरच केसांच्या मुळांवर उलटतं. नुसतं वरून लावलेलं औषध बरंचसं वरच राहतं. म्हणून बारीक सुयांचा रोलर फिरवायचा, म्हणजे ते कातडीतून खाली मुळांपर्यंत उतरतं."

बधिर करायचं मलम लावलं होतं, तरी रोलर टेकताच पौर्णिमानं सासूचा हात घट्ट धरला. डोळे मात्र मनकर्णाबाईंनीच मिटून घेतले.

घरी रोज एक पातळ औषध लावायचं होतं. कानामागं पौर्णिमाला दिसेना. मग सकाळचा चहा झाला की मनकर्णाबाई तिला पुढ्यात बसवत. पहिल्या दिवशी औषध ओघळून मानेवर आलं. त्यानंतर त्या चष्मा लावून, श्वास रोखून एकेक थेंब सोडत. बोट खरखरीत, पण पौर्णिमाला ते हवंहवंसं वाटायचं. तिची आई लहानपणीच गेली होती.

महिने गेले, काही दिसेना. "सोडून देऊ, आत्याबाई."

"लावणारी मी. मी थकली नाई, मंग तू काहून थकली?"

डॉक्टरांकडच्या फेऱ्याही चालूच राहिल्या. उन्हाळा लागता लागता एका सकाळी मनकर्णाबाईंचं बोट थबकलं. "पोरी, केस आले! पण पांढरे हायेत वं. माह्याशी बरोबरी करतं का?"

पौर्णिमानं कानामागं हात नेला. पिसासारखी मऊ लव बोटांना लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं.

रंग हळूहळू येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तसा तो आलाही. टाळूवरची जागा अजून पुरती भरली नाही, पण पौर्णिमानं रुमाल सोडला. गाडीतल्या एका ओळखीच्या बाईनं विचारलंच, "काय झालं होतं?"

"चाई पडली होती. राजापेठच्या डाक्टरीणबाईनं औषध देलं, आन् माह्या सासूनं रोज लावलं. लई केलं तिनं माह्यासाठी." गाडीच्या घरघरीत मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं ती हे म्हणाली, आणि तिकिटाचं मशीन घेऊन पुढं सरकली. "वलगाव कोण हाय? वलगाव!"