इंग्रजीचा कोट

हे मी कोणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. आज रामटेकचे पाहुणे येणार आहेत. ते परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत काकांच्या शाळेबद्दल घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही, अशी आईची ताकीद आहे. "अन् कुंदे, तू त तोंडच उघडू नको!" असं ती मला म्हणाली, तेव्हा बाबा हसले. कारण मी एरवीही उघडत नाही.

पण न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साचतात. खुंटीवर एकावर एक कपडे चढत जावेत आणि मग एक काढायला गेलं की सगळेच अंगावर यावेत, तसं होतं. शिवाय आई 'बोलू नको' म्हणाली आहे. 'लिहू नको' असं ती म्हणालेली नाही!

माझे काका माझ्याच शाळेत इंग्रजी शिकवतात. घरी काका, शाळेत सर. मधल्या रस्त्यात मी त्यांना काहीच म्हणत नाही.

गेल्या जुलैत ते हंगामी म्हणून लागले. त्याच सुमारास रामटेकची मुलगी पाहून झाली. काकांना ती आवडली आणि तिलाही काका आवडले, असं तिच्या मावशीकडून कळलं. पण मुलीचे वडील शेतकरी माणूस. ते म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण हंगामी माणसाले पोरगी कशी देऊ? पहिले कायम होऊ द्या, मंग या."

म्हणजे लग्न अडलं कायम होण्यावर. कायम होणं अडलं हेडसरांवर. आणि हेडसरांचं सगळं लक्ष होतं कोटावर.

* * *

आमच्या हेडसरांचं एक मत आहे. ते त्यांनी काकांना मुलाखतीतच ऐकवलं होतं. "गणित बंडीत शिकवा, भूगोल धोतरात शिकवा, माझी हरकत नाही. पण इंग्रजीला कोट पाहिजे!"

हे मत उगाच झालेलं नाही. काकांच्या आधीचे इंग्रजीचे सर धोतर नेसत. एकदा एका मुलीचे वडील त्यांच्या वर्गाबाहेर उभे राहून अख्खा तास ऐकत होते. मग ते हेडसरांच्या खोलीत गेले आणि अगदी मनापासून म्हणाले, "तुमचे मास्तर संस्कृत काय मस्त शिकवते, साहेब!"

* * *

काकांजवळ कोट नव्हता. बाबांच्या लग्नातला होता. काळा, गरम कापडाचा. बाबांचं लग्न माघात झालं होतं, त्यामुळे तेव्हा तो बरोबर होता. बाबा अंगानं भरलेले आणि काका बारीक. पहिल्या दिवशी काका तो चढवून आरशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, यात आणखी एक मास्तर मावते."

आई म्हणाली, "मावू द्या. तेवढीच हवा खेळते!"

* * *

टायची गोष्ट वेगळी. टाय काकांच्या एका मित्राची. गाठ त्यानंच बांधून दिली आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी जबलपूरला निघून गेला. काकांना गाठ येत नव्हती, बाबांना येत नव्हती, आमच्या गल्लीत कोणालाच येत नव्हती. म्हणून काका ती कधी सोडतच नसत. संध्याकाळी सैल करून डोक्यावरून काढायची, खिळ्याला टांगायची आणि सकाळी पुन्हा डोक्यातून घालायची. बाबा म्हणायचे, "बैलाचं दावं बी रात्री सोडते गा माणूस!"

दिवाळीच्या साफसफाईत आईनं ती धुतली. आणि धुण्यासाठी सोडली!

काकांनी खिळ्यावरची टाय उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, गाठ कुठं गेली?"

"घाम किती होता त्याच्यात! सोडल्याबिगर निघते का?"

सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी काकांनी टायला पायजम्याच्या नाडीची गाठ मारली. दोन्ही टोकं सारखी लोंबत होती. मी दिवसभर त्यांच्याकडे पाहिलं नाही. हेडसरांनी मात्र व्हरांड्यात थांबून नीट पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ही नवीन फॅशन का?"

काका म्हणाले, "हो सर."

पुढच्या सोमवारी हेडसरांच्या टायलाही तशीच गाठ होती.

* * *

आमचं इंग्रजी आठवीपासून सुरू झालं. हल्ली ते करून दाखवून शिकवायचं असतं. 'मी दार उघडतो आहे' असं इंग्रजीत म्हणायचं आणि म्हणता म्हणता दार उघडायचं. चौथ्या धड्यात कोट होता. काकांनी कोट काढला, हातावर घेतला आणि एक बाही चढवत म्हणाले, "आय ॲम पुटिंग ऑन माय कोट."

नागपूरच्या मुलींना हे लगेच समजतं. शेवटच्या बाकावरून वत्सला म्हणाली, "समजलं सर! मी कोट घालून राहिलो!"

"अगदी बरोबर," काका म्हणाले. त्यांनी दुसरी बाही चढवली आणि मग दोन्ही उतरवायला घेतल्या. "नाऊ, आय ॲम टेकिंग ऑफ..."

तेवढ्यात खिडकीतून हेडसर ओरडले, "काढू नका! मुलींच्या वर्गात मास्तर कपडे काढतात का?"

धडा तर शिकवायचाच होता. मग काकांनी तोड काढली. घालायचा तो वर्गात आणि काढायचा तो बाहेर. ते व्हरांड्यात जात, दार ओढून घेत आणि बाहेरून मोठ्यानं म्हणत, "आय ॲम टेकिंग ऑफ माय कोट!" आम्ही बंद दाराकडे पाहून म्हणायचो, "ही इज टेकिंग ऑफ हिज कोट!"

तिसऱ्या खेपेला गणपत चपराशाचा आवाज आला, "सर, बिमार हाय का? एकटेच काहून बोलून राहिले?"

* * *

वत्सला नरखेडकडची. इथे मामाकडे राहून शिकते. एका धड्यात इंग्लंडमधला टॉम नावाचा मुलगा बाहेर जाण्याआधी हातमोजे घालतो. हा धडा मार्चअखेर आला. तेव्हा आम्ही दप्तराच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होतो आणि काकांच्या कोटाच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता.

काकांनी विचारलं, "टॉम हातमोजे का घालतो?"

मला थंडी हे उत्तर येत होतं, पण मी कधी हात वर करत नाही. वत्सलानं केला.

"सर, कापूस वेचाले! सुकल्या बोंडानं बोटं फाटते."

काकांनी पुस्तकातलं टॉमचं चित्र पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "टॉमकडे कापूस होत नाही."

"मंग काहून घालते?" वत्सला म्हणाली. "याडा हाय का?"

* * *

एप्रिल लागला की आमच्याकडे बाहेर जाणाऱ्या माणसाच्या खिशात कांदा असतो. त्यानं ऊन लागत नाही. आई रोज सकाळी काकांच्या कोटाच्या उजव्या खिशात एक टाकते. डाव्या खिशात खडू.

एकदा काका फळ्याकडे पाहत पाहत बोलत होते. त्यांनी खडू काढला आणि लिहायला हात वर नेला. हातात कांदा!

काकांनी कांद्याकडे पाहिलं. मग जणू त्यासाठीच आणला होता, अशा थाटात ते वळले, तो उंच धरला आणि म्हणाले, "धिस इज ॲन अनियन."

"धिस इज ॲन अनियन!" आम्ही सगळ्या ओरडलो.

तेव्हापासून वर्षभरातलं सगळ्यात पक्कं वाक्य ते. 'ॲन' कुठे लावायचं हे आमच्या वर्गात ढ मुलीसुद्धा चुकत नाहीत.

* * *

आणि मग तपासणी आली. पुण्याहून इन्स्पेक्टर साहेब येणार, ते काकांचा तास पाहणार आणि त्यांच्या शब्दावर कायमचं ठरणार, असं हेडसरांनी सांगितलं. त्या रात्री काका जेवले नाहीत. आईनं कोट ओल्या फडक्यानं पुसला, पण मिठाचा नकाशा काही गेला नाही.

शाळा सकाळची होती, पण साहेबांची जीप वाटेत बंद पडली. आम्हाला बसवून ठेवलं. साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट होता आणि पायांत चपला. मागून हेडसर आले. कोट, टाय, नाडीची गाठ.

काकांनी मोठ्या विश्वासानं चौथा धडा घेतला. कोट हातावर होताच. "आय ॲम पुटिंग ऑन माय कोट," असं म्हणत त्यांनी तो सावकाश चढवला.

साहेबांनी वर्गावरून नजर फिरवली आणि बोट नेमकं माझ्यावर थांबलं. "तू. व्हॉट इज ही डूइंग?"

मी उभी राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच डोळे मिटले.

मी म्हटलं, "ही इज पुटिंग ऑन हिज कोट." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"छान. आता मराठीत सांग."

"सर कोट घालून राहिले."

आमच्याकडे याचा अर्थ 'सर आत्ता कोट घालताहेत' एवढाच होतो. पुण्याकडे तो तसा होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"घालून राहिले? केव्हापासून?"

मला वाटलं, आता खरं काय ते सांगावं. मी म्हटलं, "जुलैपासून."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या हनुवटीवरून घाम टायवर ठिबकत होता. साहेबांनी हेडसरांकडे पाहिलं. तिथेही तेच!

"अहो, मग काढा की आता!" साहेब म्हणाले.

काकांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी छताकडे पाहिलं. छताला पंखा नव्हता, नुसता हुक होता.

"आय ॲम... टेकिंग ऑफ... माय कोट," काका म्हणाले. दाराच्या अलीकडून हे वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. सगळा वर्ग न सांगता ओरडला, "ही इज टेकिंग ऑफ हिज कोट!"

कोट उलटा झाला. उजव्या खिशातून काहीतरी टपकन पडलं आणि घरंगळत साहेबांच्या चपलेशी जाऊन थांबलं. त्यांनी ते उचललं.

"व्हॉट इज धिस?"

खिडकीवरचं कबुतर उडून जाईल इतक्या जोरात आम्ही उत्तर दिलं, "धिस इज ॲन अनियन!"

साहेबांनी कांदा मुठीत धरला. मग हेडसरांना म्हणाले, "मास्तर कायम करा. कोट हंगामी ठेवा, थंडीपुरता."

ऑर्डर गेल्या आठवड्यात आली. पण खरी गंमत इथे नाही. ती फाटकाशी झाली. मी तिथे नळावर पाणी पीत होते. साहेबांनी कांदा परत केलाच नव्हता. जीपमध्ये चढता चढता ते थांबले आणि गणपतला हळूच विचारलं, "हा नेमका कोणत्या खिशात ठेवायचा हो?" गणपतनं आधी साहेबांच्या बुशशर्टाकडे पाहिलं, मग दारात उभ्या हेडसरांच्या कोटाकडे, आणि म्हणाला, "साहेब, तसं पाह्यलं त..."

आई हाक मारते आहे, गणपतचं उत्तर मग लिहीन. "कुंदे! ये वं लवकर! पाव्हणे गल्लीत आले, अन् तुझे काका पाह्य, पुन्हा तोच कोट घालून राहिले!"