नाल्यावरून फेकलेल्या भाकरी

अकरावीला मी रोज सकाळच्या एसटीने मालेगावला कॉलेजात जायची. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेली आणि आता फिजिक्स इंग्रजीतून. त्यातला प्रोजेक्टाईल मोशनचा धडा काही केल्या डोक्यात शिरेना. चेंडू अमुक वेगाने, अमुक कोनात फेकला तर किती लांब पडेल? सर सांगायचे, वेगाचे दोन भाग करा, आडवा आणि उभा. आडवा तसाच राहतो, उभ्याला पृथ्वी खाली ओढते. प्रत्येक उदाहरणाखाली लिहिलेलं असायचं, हवेचा अडथळा धरू नये. आम्ही कधीच धरला नाही.

सोमवारी चाचणी होती. आदल्या दिवशी बाबा सकाळीच बैल घेऊन सोयाबीन डवरायला, म्हणजे ओळींमधलं तण काढायला गेले. दहाच्या सुमारास वरच्या अंगाला पाऊस झाला आणि शेताच्या वाटेवरच्या नाल्याला पाणी चढलं. बाबांचा फोन आला, "भाकर आनू नका. पानी उतरलं की मीच येतो."

माझी थोरली आत्या तेव्हा माहेरी आलेली होती. तिने ऐकलं आणि शिदोरी बांधायला घेतली. "सकायपासून उपाशी हाय माहा भाऊ," एवढंच म्हणाली. अभ्यासाची वही घेऊन मीही तिच्यामागे निघाले.

नाला गढूळ, कमरेएवढा, जोरात वाहत होता. पलीकडे बाबा बाभळीखाली उकिडवे बसले होते, शेजारी बैल.

"इथूनच फेकतो मी," आत्या म्हणाली.

"थांब आत्या. हेच तं शिकून राह्यली मी."

मी ओरडून बाबांना नाल्याची रुंदी विचारली. त्यांनी या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली. "सोयाबीनच्या पंचवीस-सव्वीस ओळी बसतीन."

दोन ओळींत दीड फूट, म्हणजे बारा मीटर धरायला हरकत नव्हती. पंचेचाळीस अंशाच्या कोनात वस्तू सर्वांत लांब जाते, हे पाठ होतं. मी दगडावर बसून सूत्र मांडलं.

"काय करून राह्यली थे?" बाबांनी विचारलं.

"गनित," आत्याने सांगितलं.

"कायले?"

"तुले जेवू घालाले."

उत्तर आलं. मी म्हटलं, "अकरा."

"अकरा काय?"

"सेकंदाले अकरा मीटर. एवढ्या वेगानं फेकाचं."

आत्याने विचार केला. "म्हंजे जोरात का हळू?"

हे वहीत नव्हतं. म्हणून मी आधी दगड फेकून पाहिले. पहिला पाण्यात पडला. दुसरा बैलाच्या पुढ्यात आदळला. बाबांनी बैल मागे नेला आणि स्वतःही बाभळीच्या आड गेले. तिसरा दगड बरोबर मोकळ्या जागी पडला, तेव्हा बाबा पुन्हा पुढे आले. तेवढाच जोर हातात धरून मी शिदोरी फेकली.

वर गेली ती सुरेख. अगदी वर पोचल्यावर गाठ सुटली आणि चार भाकरी चार दिशांना निघाल्या. भाकर दगडासारखी वागत नाही. एक आडवी तरंगत बाबांच्या डोक्यावरून गेली. दोन नाल्यात पडल्या. चौथी वाऱ्यावर वळून आमच्याच काठाला आली आणि चिखलात बसली. फडकं सावकाश पाण्यावर उतरलं. फक्त आतला कांदा माझ्या गणिताप्रमाणे गेला आणि बाबांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलून शर्टाला पुसला.

"कांदा पोचला," ते म्हणाले.

मला रडू येत होतं. आत्याने पदराखालून दुसरं गाठोडं काढलं. त्यात बेसनाचा, म्हणजे पिठल्याचा डबा आणि दोन भाकरी होत्या.

"हे कुठून आनलं?"

"सगळंच तुया हातात देतो का मी?"

तिने माझी ओढणी मागून घेतली, डबा-भाकरी तिच्यात आवळून दोन गाठी मारल्या, टोक धरून दोनदा गरगर फिरवलं आणि सोडून दिलं. कोन फार तर तीस अंशांचा असेल. गाठोडं पाण्यावरून सरळ गेलं आणि पलीकडच्या सोयाबीनमध्ये धपकन पडलं. बाबा जेवायला बसले. आम्हीही तिथेच बसलो, कारण आत्याला त्यांचं जेवण होईपर्यंत हलायचं नव्हतं.

संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "तुयं थे गनित दाखव." मी वही उघडून सगळं समजावलं. त्यांनी मध्ये दोन प्रश्नही विचारले. शेवटी म्हणाले, "गनितात चूक नाई. भाकर चुकली."

आत्या चुलीपाशी होती. "भाकर मीच केली व्हती," ती म्हणाली, आणि बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

चाचणीत चेंडूचं उदाहरण आलं. सेकंदाला वीस मीटर. वाचल्यावर आधी मनात आलं, फेकणाऱ्याचा हात भलताच दणकट असला पाहिजे. मग सोडवायला घेतलं. पाचपैकी पाच मार्क मिळाले.