हिरव्या दारामागची अंबाडीची भाजी

वसंतभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी माझ्या दुकानासमोर पाणी शिंपडत होते. समोरच्या सरकी-ढेपीच्या दुकानाचं शटर खाली होतं, आणि बाजाराच्या दिवशी ते खाली असणं म्हणजे काहीतरी बिघडलं, हे आमच्या वर्ध्याच्या त्या गल्लीत कुणालाही समजलं असतं. तेवढ्यात आत फोन वाजला. त्यांच्या पत्नी, सिंधूवहिनी, दवाखान्यातून बोलत होत्या. आवाज अगदी सरळ होता. हे गेले म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, देवरावला निरोप द्या, त्याच्याकडे फोन नाही. मी बांगड्यांच्या पेट्या तशाच टाकून ऑटो केला आणि सिंदी मेघेच्या पुढे देवरावभाऊंच्या वाडीवर गेले. ते वांग्यांना पाणी देत होते. मी सांगितलं. त्यांनी फावड्याने पाण्याची वाट बंद केली, फावडं उभं धरलं आणि म्हणाले, "काल्लचा भाग भाऊले सांगायचा राह्यलाच की..." हे वाचून तुम्ही म्हणाल, माणूस गेला आणि याला मालिकेचं पडलंय. म्हणूनच सगळं पहिल्यापासून सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे एकच चॅनल दिसायचं, तेही अँटेना फिरवून फिरवून. त्यावर दर मंगळवारी ‘परछाईपूर’ नावाची हिंदी मालिका लागायची. पहाडातलं एक गाव, तिथल्या शाळेतली बाई एकाएकी नाहीशी होते आणि तिला शोधायला एक इन्स्पेक्टर येतो. इथपर्यंत ठीक. पण त्या गावात एका घराच्या छपरावर म्हैस उभी असायची, आणि ती वर चढली कशी हे कुणीच विचारायचं नाही. पाऊस फक्त घरात पडायचा, अंगणात लख्ख ऊन. आणि गावाबाहेरच्या माळावर एक हिरवं दार उभं होतं... ना भिंत, ना घर, नुसतं दार. इन्स्पेक्टर त्याच्याभोवती चक्कर मारायचा, कडीला हात लावायचा आणि मागे फिरायचा. आमच्या घरच्यांनी दुसऱ्याच भागात नाद सोडला. सासूबाई म्हणाल्या, लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय. माझं डोकं मात्र त्या दाराने पार खाऊन टाकलं होतं.

माझं कटलरीचं दुकान, समोर रस्ता ओलांडला की वसंतभाऊंची ढेप. गुराढोरांना घालायची सरकीची ढेप, तिचा तो खमंग तेलकट वास सगळ्या गल्लीला असायचा. एके दिवशी सकाळी मी सुट्टे मागायला गेले तर हे गृहस्थ एका गिऱ्हाईकाशी वाद घालत होते. गिऱ्हाईक बिचारं पोत्याचा भाव विचारत होतं आणि वसंतभाऊ त्याला विचारत होते, "दाराले भिंत नाई, पण कडी आहे. कडी काऊन आहे, सांगा." मी सुट्ट्यांचं विसरले आणि ओट्यावर बसले. तिसरे देवरावभाऊ. पहाटे बाजारात पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकून परत जाताना बैलांसाठी ढेप घ्यायला थांबायचे, आणि तेही ‘परछाईपूर’वाले निघाले. गावात आणखी कुणी ती मालिका पाहत असेल तर आम्हाला कधी भेटलं नाही.

अडचण एकच होती, लाईन, म्हणजे वीज. आमच्या गल्लीची लाईन ऐन मालिकेच्या वेळी जायची, वसंतभाऊंच्या घराकडची वेगळ्याच वेळी, आणि सिंदी मेघेकडची तेव्हा आलेली असायची, कधी उलटं. त्यामुळे अख्खा भाग तिघांपैकी कुणालाच सलग मिळायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून आम्ही तो जोडायचो. सुरुवात माझी, मधलं वसंतभाऊंचं, शेवट देवरावभाऊंचा, असं काहीतरी. वसंतभाऊंनी त्याचा एक नियम केला होता आणि तो त्यांनी मला कधी मोडू दिला नाही. आधी काय दिसलं ते सांगायचं. काय वाटलं, अर्थ काय, खुनी कोण, हे सगळं नंतर. मी सांगता सांगता मध्येच अकलेचे तारे तोडायला लागले की हात वर करून म्हणायचे, "ताई, पहिले काय दिसलं ते सांगा." राग यायचा मला. पण सांगण्यात काही घुसडलं की त्यांना बरोबर कळायचं. ऐकताना ते ढेपीचा तुकडा बोटांनी कुस्करत, अधूनमधून त्याचा वास घेत. सांगणं पटलं नाही तर ‘असं का’ म्हणायचे आणि गिऱ्हाइकाकडे वळायचे. पटलं तर मान खाली ठेवूनच विचारायचे, "मंग?" त्यांच्या तोंडून तो ‘मंग’ निघाला की सांगणाऱ्याला आपण काहीतरी कमावलं असं वाटायचं.

मालिकेच्या शेवटच्या भागाला आमची लाईन गेली. अगदी इन्स्पेक्टरने कडीला हात लावला आणि फट्... अंधार. मी अँटेनावर, टीव्हीवर, वीजवाल्यांवर, सगळ्यांवर चिडून झाले. वसंतभाऊंकडेही तेच. सकाळी आम्ही दोघं ओट्यावर देवरावभाऊंच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. वसंतभाऊंची आई त्याच महिन्यात गेली होती. दहाव्याला मुंडण केलेल्या डोक्यावर केस अजून पुरते वाढले नव्हते. दुकान वेळेवर उघडत, माप बरोबर देत. पण त्या दिवसांत त्यांचं ढेप कुस्करणं बंद पडलं होतं. देवरावभाऊ आले, टोपली उतरवली, आम्हा दोघांची तोंडं पाहिली आणि सांगायला लागले. इन्स्पेक्टर दार उघडतो. पलीकडे त्याच्या लहानपणचं घर. चूल पेटलेली. त्याची माय ज्वारीची भाकर थापत बसलेली, बाजूला अंबाडीची भाजी शिजलेली. ती मागे वळूनसुद्धा पाहत नाही. म्हणते, हात धू, बस, निवून जाईल.

वसंतभाऊ म्हणाले, "मंग?"

मग तो हात धुतो आणि बसतो, देवरावभाऊ म्हणाले. एवढंच. वसंतभाऊ उठून मागे गोदामात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या वेळात आलेल्या गिऱ्हाइकाला मी ढेप मोजून दिली, आणि देवरावभाऊ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले होते.

पुढे कित्येक वर्षं त्या शेवटावर आम्ही जगलो म्हटलं तरी चालेल. मी माहेरी हिंगणघाटला गेले की भावाला रंगवून सांगायची. तो म्हणायचा, असं काही नव्हतंच. मी म्हणायची, तुझी लाईन गेली असेल. त्या एका दारावरून भावाशी माझी दोनदा कडाक्याची भांडणं झाली.

मग केबल आली, चॅनलं ढिगाने झाली आणि दहाएक वर्षांनी जाहिरात झळकली, ‘परछाईपूर’ पुन्हा येतंय. तोच इन्स्पेक्टर, केस पांढरे झालेले. वसंतभाऊंच्या तोवर दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रक्त धुवायला जायचे, पाणीही मोजून प्यायचं. पण पहिल्या भागाची बातमी ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की सिंधूवहिनी मला म्हणाल्या, बघा, याला म्हणतात औषध. त्या मंगळवारी नशिबाने लाईन कुठेच गेली नाही. सुरुवातीला जुन्या मालिकेचा शेवट दाखवला. इन्स्पेक्टर येतो, कडीला हात लावतो... आणि हात काढून घेतो. पाठमोरा चालत जातो. दार बंदच. नावं वर सरकायला लागतात. म्हणजे चूल नव्हती, माय नव्हती, भाकर नव्हती, काहीच नव्हतं.

माझा नुसता तिळपापड झाला. सकाळी शटर उघडायच्या आधी मी ओट्यावर जाऊन उभी राहिले, या माणसाला आज सोडायचं नाही म्हणून. देवरावभाऊ आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही नाही. कळलं की बाजारात बसायची जागा बदलली, ढेप दुसरीकडून घेतात, आमच्या गल्लीवरून जातसुद्धा नाहीत. मी म्हटलं बरं झालं, तोंड दाखवायला जागा उरली नाही. आम्ही दोघंच नव्या भागांवर बोलायचो, पण दोघांनीही अख्खा भाग पाहिलेला असायचा, जोडायला काही नसायचं. एका भागात तर तो इन्स्पेक्टर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतो आणि एकाही शेंगेत दाणा निघत नाही. मी म्हटलं, हे काय, आम्ही काय शेंगा फोडलेल्या पाहायला बसलो? वसंतभाऊ म्हणाले, शेंगा म्हणजे हरवलेली माणसं असतील. थोड्या वेळाने म्हणाले, "देवराव असता त काय म्हणला असता?" आणि मला म्हणाले, ऑटो बोलवा.

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस धड उभा राहू शकत नसे. मी नको नको म्हटलं, सिंधूवहिनींनी डोळे वटारले, काही उपयोग झाला नाही. त्यांचं म्हणणं एकच, आपल्याकडे फार दिवस नाहीत आणि त्यातले ते असे फुकट घालवायचे नाहीत. वाडीवर पोचलो तर देवरावभाऊ टोमॅटोच्या झाडांना काठ्या बांधत होते. आम्हाला पाहून हातातली सुतळीच सुटली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलले. त्या दिवशी त्यांच्याकडेही लाईन गेली होती. आमच्याही आधी. सकाळी सांगणारच होते. "पण तुमी दोघं असे पाहून राह्यले होते मायाकडे, भाऊ... तुमचं ते टकलं डोकं... मले नाई म्हणवलंच नाई." एवढं बोलून ते खाली बसले. मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, आणि डोळ्यांतून पाणी.

वसंतभाऊ बांधावर बसले. धाप लागली होती, ती ओसरू दिली. मग म्हणाले, "मले तेव्हाच समजलतं. पहाडातल्या गावात ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी कोण करते, देवराव?"

मी खुळ्यासारखी बघत राहिले. खरंच की! बर्फाचं गाव, लाकडी घरं, देवदाराची झाडं, आणि त्या चुलीवर आमची अंबाडी. इतकी वर्षं भावाशी तावातावाने भांडले, मला एकदाही सुचलं नाही. देवरावभाऊंनी विचारलं, समजलं होतं तर तेव्हा बोलले काऊन नाही? वसंतभाऊ म्हणाले, भाजी चांगली झाली होती. मग म्हणाले, बरं, शेंगांचा भाग पाहिला का? देवरावभाऊ म्हणाले, पाहिला, त्या जमिनीत जिप्समचं खत टाकलं नाही म्हणून शेंगा पोचट राहिल्या. वसंतभाऊ इतके हसले की मला त्यांची पाठ धरावी लागली. माझाही राग तिथेच विरला. खोटं कशाला सांगू, थोडा उरला होता, तो अंबाडीची जुडी फुकट घेतल्यावर गेला.

त्यानंतर देवरावभाऊ पुन्हा ओट्यावर यायला लागले, आणि वसंतभाऊ अंथरुणाला खिळून दुकान सिंधूवहिनी बघायला लागल्यावर त्यांच्या घरी. शेवटी शेवटी त्यांना टीव्हीचा उजेड सहन होईना. नवी मालिका तशीही बिघडतच गेली होती, स्पष्टच सांगते. पण देवरावभाऊंच्या तोंडून ती फार छान व्हायची. म्हैस छपरावरून उतरायची, शाळेची बाई आठवडी बाजारात दिसायची. काही दिसलेलं, काही न दिसलेलं, आता कोण वेगळं करणार? मी शेजारी बसून ऐकायची आणि मूग गिळून गप्प राहायची. वसंतभाऊ डोळे मिटून पडलेले असत, हातात ढेपीचा एक तुकडा. डॉक्टरांनी खाण्यावर बंदी घातली होती, वासावर नव्हती. मध्येच आवाज यायचा, मंग?

ते गेले त्याच्या आदल्या रात्रीचा भाग त्यांना सांगायचा राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मालिकाही संपली. शेवटचा भाग मी एकटीने पाहिला. दोन माणसं कुऱ्हाड घेऊन येतात, ते हिरवं दार तोडतात आणि फळ्या बैलगाडीत टाकून घेऊन जातात. दार कुणीच उघडत नाही. सकाळी देवरावभाऊ आले. समोरचं दुकान बंद होतं, ओटा तेवढा मोकळा. ओट्याला अजून ढेपीचा वास येतो. आम्ही बसलो. मग मी म्हटलं, देवरावभाऊ, पहिले काय दिसलं ते सांगा.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, दार उघडलं. मागे एक दुकान होतं. पोत्यांची थप्पी, काटा, आणि पोत्यावर एक माणूस बसलेला, डोक्यावर बारीक बारीक केस. इन्स्पेक्टर दारातच थांबला. त्या माणसानं वर पाहिलं नाही. म्हणाला, या, बसा.

आमच्या गल्लीची लाईन त्या रात्री गेली नव्हती. मी भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता. ओट्याच्या फटीत ढेपीचा एक बारका तुकडा अडकला होता, तो नखाने काढून मी बोटांत कुस्करला आणि विचारलं, "मंग?"