टेंपो विकला, तरी टायरचं बिल पाहिजे

चौक-खालापूरच्या दुकानदारांनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आज दुपारी माझ्या टायरच्या दुकानात कडावचा दूधवाला आला. जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, "शेठ, चार टायरचं बिल करा, कार्ड घासा. टायर नको, कॅश द्या. तुमचं कमिशन कापून घ्या."

याला मोबाईलवरच्या जुगाराचा नाद. जुगाराच्या ॲपवर आता क्रेडिट कार्ड चालत नाही, म्हणून ही पळवाट. दुकानात खोटी खरेदी दाखवायची, रोख घ्यायची आणि तीच पुन्हा जुगारात घालायची.

मी विचारलं, "तुझा टेंपो कुठाय?"

"टेंपो नाय आता. इकला."

"मग टायर कशाला लावणार रं?"

तो चक्क हसला. "बिलाला टेंपो लागतो का, शेठ?"

मी त्याला हाकलला. जाता जाता म्हणाला, "तुमी नका करू. याच रस्त्यावर दुसरा टायरवाला हाय, तो करतो." तासाभराने तोच दूधवाला त्या दुकानातून निघून खिसा चाचपत रस्ता ओलांडताना दिसला.

कार्ड बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा याच ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला होता. त्यात तुझ्याही टाळ्या असतील, टायरवाल्या. ॲपवाले हरामखोर आहेतच, पण ते कुठेतरी लांब बसलेत. तुझ्या दुकानातल्या चहाला तर रोज या दूधवाल्याचंच दूध यायचं.

नाव घेत नाही. फक्त एवढं सांग: आज बिलावर लिहिलेले चार टायर तू कुठल्या टेंपोला बसवलेस?