सावळारामकाकांची सीट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. "नव्हता" असं मुद्दाम लिहीत नाही, कारण हे सगळं घडून गेल्यावरही नाही. वाकोल्याच्या नाक्यावर, पार्ल्यात स्टेशनबाहेर उभी राहून मी पत्रकं वाटते. अंगात येणाऱ्या बायांच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीवर दोन पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत. तेव्हा आमच्या अंधश्रद्धेविरुद्धच्या संघटनेतले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी हसायचं ते खुशाल हसावं... पण शेवटपर्यंत वाचून मग हसावं.

साल शहाऐंशी. माझे बाबा, दत्ताराम, विलेपार्ले पूर्वेला एका शेटच्या बंगल्यावर ड्रायव्हर. शेटकडे रोजच्या वापराची गाडी वेगळी, आणि लढाईच्या आधीची एक विलायती गाडी वेगळी. ती काळी गाडी म्हणजे शेटचा देव. आठवड्यातून तीनदा तिला फिरवून आणायची, वर्षातून एकदा जुन्या गाड्यांच्या रॅलीत चालवायची. पुढची सीट एक सलग बाकडं. ते ना पुढे सरकत, ना मागे. पाठ सरळसोट, फळीसारखी. स्टिअरिंग ओढायला दोन्ही खांदे लागायचे. बावन्न वर्षांचा माझा बाप सकाळी भिंतीला हात लावून उठायचा आणि चाळीचा जिना कठडा धरून, एकेक पायरी थांबत उतरायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीला आधार नसेल तर हा माणूस वर्षभरात गाडी चालवायचा बंद होईल.

मी शेटकडे गेले. तो म्हणाला, "बेटा, ओरिजिनल सीट बदलली तर गाडीची किंमत काय राहणार? तुझ्या बाबाला जमत नसेल तर रॅलीला मी दुसरा माणूस बघतो."

म्हणजे गाडी ओरिजिनल राहिली पाहिजे, माणसाचे मणके सरकले तरी चालेल! मी घरी येऊन रातोरात — नाही, खोटं कशाला, दोन दिवस लागले — पत्रक लिहिलं. मथळा: 'ड्रायव्हरलाही पाठ असते!' सायक्लोस्टाइल करून पहिली प्रत शेटच्या हातात दिली आणि सांगितलं, उरलेली रॅलीच्या दारात वाटणार. चार दिवसांनी निरोप आला. करा काय करायचं ते, फक्त बाहेरून दिसता कामा नये.

वाकोल्याला युसूफचाचांचं कुशनचं दुकान आहे. त्यांनी बाकड्याचे दोन भाग केले. डावा भाग जुन्या चामड्याचा, तसाच ठेवला. उजव्या, ड्रायव्हरच्या भागाला पुढेमागे सरकायला खाली रूळ बसवले; बैठकीत नवा फोम घालायचा आणि पाठीला फोमचा फुगवटा द्यायचा असं ठरलं. बाबांना शिंप्यासारखं माप घेऊन बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. मग जुनी पाठ उसवली. आत काथ्या होता, आणि काथ्याच्या थरात, डाव्या अंगाला, एक खाकी कोट. ड्रायव्हरच्या युनिफॉर्मचा, पितळी बटणांसकट. चौघडी घालून जाड दोऱ्याने आत शिवलेला. टाके वेडेवाकडे, कारागिराचे नव्हेत.

"किसी ने अपने हाथ से डाला है, बेटा," चाचा म्हणाले. "नये में भी रख दूँ?"

बाबा तेव्हा बाहेर चहा पीत होते. मी म्हटलं, "फेका ते गुलामीचं कातडं!" चाचा हलेनात, म्हणून मीच उचलला आणि नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले. येताना छाती चांगली फुगलेली होती.

नवी सीट झकास झाली. पहिल्या दिवशी बाबा टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मला तेवढं पुरे होतं.

तिसऱ्या दिवसापासून ते टेकेनात.

मी एकदा त्यांचा डबा घेऊन बंगल्यावर गेले, तर गाडी फाटकातून आत येत होती. बाबा सीटच्या पुढच्या काठावर, ताठ. शाळेत हेडमास्तरांसमोर बसावं तसे. पाठीमागे वीतभर जागा मोकळी. उतरताना त्यांनी दार धरलं आणि कळ दाबून टाकली, पण मला दिसली.

"बाबा, एवढी सीट कशाला केली मग? टेका ना!"

"टेकान कसो बसू, गो? मागे तो आसा."

"कोण?"

"सावळारामकाका."

सावळारामकाका म्हणजे बाबांच्या आधी बावीस वर्षं हीच गाडी चालवलेले ड्रायव्हर. बाबांना गाडी त्यांनीच शिकवली. नोकरी सुटल्यावर गावी गेले आणि तिथेच, आपल्या खाटेवर, म्हातारपणाने गेले. गाडीत काही अपघात वगैरे झालेला नाही, आणि पाठीच्या दुखण्याने ते नोकरीची शेवटची सहा वर्षं डावीकडे कलून बसत, हे मला तेव्हा बाबांनी सांगितलं. डाव्या अंगाचा तो कोट त्यांनीच टेकू म्हणून शिवला असणार, हे माझ्या ध्यानात आलं; पण तो फेकल्याचं मी बाबांना सांगितलं नाही.

"तुमच्या मनाचे खेळ आहेत," मी म्हटलं.

"तुका कळूचा नाय."

मग मी तेच केलं जे पत्रकात लोकांना करायला सांगते. तपासलं. संध्याकाळी सीटवर नवंकोरं वर्तमानपत्र सपाट अंथरलं, गाडीची दारं लावली, गॅरेजला माझं स्वतःचं कुलूप घातलं आणि चावी घरी घेऊन गेले. सकाळी कुलूप जसंच्या तसं. आत वर्तमानपत्र चुरगळलेलं. मधे खोलगट, डाव्या बाजूला जास्त. खाली फोमला खळगा. मी हात ठेवला. गरम होता... जानेवारीच्या सकाळी, बंद गॅरेजात.

चाचांना आणून दाखवलं. त्यांनी अंगठ्याने फोम दाबला, सोडला, तो लगेच वर आला. "नया माल है. दबके नहीं रहता," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

रॅलीला आठ दिवस उरले. बाबा काठावर बसून सराव करत होते आणि पूर्वीपेक्षा वाईट चालत होते. एका सकाळी त्यांना चपलेत पाय घालता येईना. ती चप्पल मी घातली त्यांच्या पायात. शेट गॅरेजच्या दारातून बघत होता. म्हणाला, "दत्ताराम, उद्यापर्यंत सांग. नाहीतर तो मालाडचा माणूस तयार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी एकटी गॅरेजात गेले. लख्ख ऊन आत आलेलं. ड्रायव्हरचं दार उघडलं आणि उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर, रिकाम्या सीटचा फोम हळूहळू दबला. जसं थकलेलं माणूस बसतं — आधी मध्ये, मग डावीकडे.

पळून जावंसं वाटलं. मग मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, पण आला, आणि रागात मला बोलता येतं.

"काका," मी म्हटलं, "तुमचा कोट मी फेकला. बाबांना ठाऊकसुद्धा नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःची सोय केली होती, कारण कुणीच करत नव्हतं. ती मी न विचारता उसवली. शिव्या द्या मला. पण त्यांची पाठ मोडायला लागली आहे. ते तुमच्यावर टेकणार नाहीत, मरतील पण टेकणार नाहीत. म्हणून... जरा सरका."

काहीच झालं नाही. मी मनात आकडे मोजत होते, सतरापर्यंत आठवतं.

मग फोम वर आला. पूर्ण. आणि पलीकडे, डाव्या बाजूच्या जुन्या चामड्याखालची स्प्रिंग करकरली आणि ते चामडं खाली गेलं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. अकराला बाबा आले, दार उघडून क्षणभर थांबले. मग आत बसले आणि टेकले. पाठीचं हाड न् हाड सीटला लागेपर्यंत टेकले. डाव्या बाजूकडे बघून त्यांनी मान किंचित खाली केली, वडीलधाऱ्या माणसाला करतात तशी.

रॅली त्यांनी चालवली. त्यानंतर दोन वर्षं झाली, आजही चालवतात. जिना उतरताना कठडा धरत नाहीत. मालीश, औषध, नवी सीट — डॉक्टर म्हणतात सुधारणा होणारच होती. असेल. तेवढं मला पटतं.

चुरगळलेल्या वर्तमानपत्राचं मात्र काय करू? ते मी अजून जपून ठेवलं आहे. उंदीर, दमट हवा, रुळांचा उतार, सगळं धरून पाहिलं, एकही कारण पुरत नाही. मागच्या महिन्यात मी बाबांना सरळ विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत?

ते आरशावर कापड फिरवत होते. "भीती कसली? तीन वर्सां मी थंय डावीकडे बसान गाडी शिकलंय. आता तो बसता. गियर चुकलो तर खाकरता, बस."

मी मागच्या सीटवर बसते. पुढे ये म्हणून बाबांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.