उषाबाईंची परडी

उषाबाई देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत होत्या, पण चित्त सगळं गच्चीवरच्या खोलीत. वर प्रियदर्शनीच्या येरझारा चालल्या होत्या. तिचे पाय थांबले की यांचा हात थांबे.

लेक हैदराबादेहून पीएच.डी. करून बदनापूरला आली ती चैत्रात. मोडलेल्या हाडाच्या जागी बसवायचा जाळीदार साचा ती बनवते. त्यावर नवं हाड चढतं. पुढचं पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचं काम एखाद्या प्रयोगशाळेत मिळावं म्हणून ती अनोळखी प्राध्यापकांना मेल धाडत होती. बहुतेकांचं उत्तरच नाही. बंगळूरच्या एका बाईंचं आलं, तेही ‘यंदा निधी नाही’ असं. इकडे जालन्याच्या एका कॉलेजनं शिकवायची जागा देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत हो म्हणायचं. हो म्हटलं की प्रयोगशाळा सुटली.

तिच्या वडिलांची, मच्छिंद्ररावांची हयात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडण्यात गेलेली. ते चहा पिता पिता म्हणाले होते, “जाहिरात न्हाई, जागा निघाली न्हाई, अन् ही दारोदार मागून राह्यली. शिकल्या पोरीला शोभतं का?”

ते लेकीला लागलं. तिनं मेल लिहिणंच सोडलं.

उषाबाईंच्या मात्र ते ‘मागणं’ घशाखाली उतरेना. कारखान्याच्या अंकुशनगर कॉलनीत नवरी म्हणून आल्या तेव्हापासून दर मंगळवार-शुक्रवारी त्यांनी पाच घरी अंबाबाईचा जोगवा मागितला. घरात पिठाचा डबा भरलेला असतानाही! मागितल्यानं मीपण गळतं, असं सासूबाई सांगायच्या.

त्या मंगळवारी त्यांनी वर जाऊन सांगितलं, “ऊठ, परडी धर.”

“आई, लोकं हसतील.”

“हसू दे. दात तर दिसतील त्यांचे.”

दोन घरं झाली. तिसरं गोजरबाईंचं.

“जोगवा वाढा हो माय!”

आतून आवाज आला, “हात गुंतलेत गं उषा!”

प्रियदर्शनी तिथूनच वळली. कानशिलं तापली होती. “झालं समाधान?”

“कामून? न्हाई कुठं म्हणली ती? हात गुंतलेत म्हणली.”

पुढची दोन घरं करून उषाबाई परत त्याच दारात उभ्या. गोजरबाई कणकेचे हात पुसत आल्या, पसाभर पीठ वाढलं, वर मीठ. “गेलीस की काय वाटलं! मंगळवारचं तुला मोकळ्या हातानं लावीन व्हय?”

घरी येऊन लेकीनं बंगळूरचा मेल पुन्हा उघडला.

“आई, बाईंनी काम आवडलं असंही लिहिलंय. सरकारी फेलोशिपमधून माझा पगार मी आणला तर ठेवतील का, हे मी विचारलंच नाही.”

“मंग विचार की.”

रात्रीच मेल गेला. बुधवार गेला. गुरुवार गेला. उषाबाईंची जपमाळ दोनदा मध्येच चुकली. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं: प्रस्ताव मिळून लिहू, फेलोशिप मिळेलच असं नाही.

प्रियदर्शनीनं कॉलेजला फोन करून नाही कळवलं.

“हे बी गेलं अन् उद्या ते बी गेलं, मंग?” मच्छिंद्रराव कडाडले. तेच मग हळू आवाजात म्हणाले, “अजून प्राध्यापक राह्यलेत का?”

“आहेत बाबा.”

“मंग त्यायलाही लिहून ठेव.”

वर पुन्हा येरझारा सुरू झाल्या. उषाबाईंनी देवीपुढं हात जोडले, पण मन काही थाऱ्यावर येईना. शुक्रवार होता. त्यांनी परडी उचलली.